सेकंडहँड कंप्रेसर घेतला, टाकीत गंज निघाला. साफ करून वापरावा का?

रंधा_कोल्हापूर
मंडळी, माझं फर्निचरचं छोटं वर्कशॉप आहे. पीयूचा (पॉलीयुरेथेन पॉलिशचा) स्प्रे आजवर बाहेरून करून घेत होतो. आपलाच कंप्रेसर असावा म्हणून उद्यमनगरात ओळखीतून एक जुना उचलला. 2 एचपी, सिंगल स्टेज, 160 लिटरची आडवी टाकी. मोटर चांगली आहे, पंप वाजत नाही, 8 किलोपर्यंत (म्हणजे चौरस सेंटिमीटरला 8 किलो दाब) बिनतक्रार चढतो.

तळाचं पाणी काढायचा ड्रेन कॉक मात्र जाम होता. पान्याने फिरवला तरी काही येईना. तारेने टोचल्यावर आधी फुस्स झालं, मग कोऱ्या चहाच्या रंगाचं पाणी आणि त्यामागून गंजाचे पोपडे. काही नखाएवढे, एका बाजूने काळे आणि दुसऱ्या बाजूने तांबडे, चिमटीत दाबले की चुरा. बादलीच्या तळाला चांगला थर बसला.

इथला वेल्डर म्हणतो, अ‍ॅसिड टाका, हलवा, धुवा आणि आतून रेड ऑक्साइड ओता. एक मित्र म्हणतो इपॉक्सी. नवीन घ्यायचा तर दुपटीच्या वर पैसे जातात. कुणी केलंय का हे काम? नीट रीत सांगा.

खटपट्या
केलंय की. टाकी सोडवा, सगळे प्लग काढा, आत ओंजळभर खडी नाहीतर जुने नट आणि सायकलची चेन टाका. दोन पाइपांवर टाकी ठेवून लोळवत बसा. पोरांना लावा कामाला, त्यांना मजा येते. सुटा गंज निघाला की सायट्रिक अ‍ॅसिड, म्हणजे किराणा दुकानातलं लिंबाचं फूल, लिटरला 50 ग्रॅम. टाकी पूर्ण भरायची गरज नाही, वीसेक लिटर करा आणि काही तासांनी टाकी थोडी थोडी फिरवत राहा. शेवटी धुण्याच्या सोड्याच्या पाण्याने खंगाळा आणि लगेच गरम हवेने वाळवा, नाहीतर तासाभरात परत तांबूस होते.

संडास धुवायचं अ‍ॅसिड वापरू नका. ते गंजाबरोबर चांगलं लोखंडही खातं आणि वेल्डच्या सांध्यात जाऊन बसलं की धुऊन निघत नाही.

रंधा_कोल्हापूर
वा, हेच हवं होतं. रविवारी लोळवतो.

निवृत्त_फिटर
जरा थांबा. खटपट्यांनी सांगितलेली रीत बरोबर आहे, पण ती नंतरची. पिंपरीच्या कारखान्यात मेंटेनन्सला आयुष्य गेलं, म्हणून आधी हे विचारतो : टाकीवर नेमप्लेट आहे का? त्यावर बनवणाऱ्याचं नाव, नंबर, वर्ष, वर्किंग प्रेशर आणि टेस्ट प्रेशर कोरलेलं असतं. दुसरं, पत्रा मुळात किती जाड होता आणि आता किती उरलाय?

बादलीत जे पडलं ते तुमच्या टाकीचंच लोखंड आहे. साफ केल्याने ते परत टाकीला चिकटणार नाही. उलट आतून चकचकीत झालं की माणूस निर्धास्त होतो, हा त्यातला खरा धोका. रेड ऑक्साइड आणि इपॉक्सी तर त्याहून वाईट. रंगाखाली खड्डे झाकले जातात, गंज रंगाच्या आडून चालूच राहतो आणि पोपडे निघाले की ड्रेनचं भोक बुजवतात. मग पाणी आतच.

तळाचा पत्रा मोजल्याशिवाय कंप्रेसर चालू करू नका. साफसफाईचं नंतर बघू.

मामाचा_टायरवाला
काका, घाबरवताय उगाच. आमच्या मामांचं हायवेला टायरचं दुकान आहे. टाकी माझ्या जन्माआधीची. तळाला भोक पडलं की ब्रेझिंग मारायचं आणि पुढे चालू. भोक पडेल तेव्हा हवा सुटेल, फार तर फुस्स होईल. फुटणार कशाला?

निवृत्त_फिटर
भोक पडून हवा सुटली तर नशीब म्हणायचं. गंज एका ठिपक्यावर खोल गेला तर तसंच होतं. पण आडव्या टाकीत पाणी तळाला लांबच लांब पट्ट्यात साचतं आणि पत्रा सगळ्या पट्ट्यावर पातळ होतो. असा पत्रा भोक पाडून थांबत नाही, उभा फाटतो. कंप्रेसर प्रत्येक वेळी दाब उतरला की (कट-इन) सुरू होतो आणि दाब भरला की (कट-ऑफ) थांबतो, तेव्हा पत्रा जरासा ताणला जातो आणि सैल पडतो. दिवसभर, वर्षानुवर्षं. खड्ड्याच्या टोकाशी त्यातूनच चीर सुरू होते.

ब्रेझिंगबद्दल काय बोलू. भोक पडलं याचा अर्थ आजूबाजूचा पत्राही कागद झालाय, आणि त्यालाच तुम्ही आगीने तापवताय. मामांना माझा नमस्कार सांगा आणि त्या टाकीजवळ खुर्ची टाकून बसू नका म्हणावं.

आकडेमोड
टायरवाल्यांसाठी थोडं गणित. 160 लिटर टाकीत 8 किलो दाबाने हवा भरली की साधारण 170 किलोज्यूल ऊर्जा साठते. म्हणजे एक टन वजनाची गाडी सुमारे 17 मीटर, पाचव्या मजल्यापर्यंत उचलण्याइतकी. टाकी फाटली तर ही सगळी ऊर्जा एका क्षणात बाहेर पडते.

तीच टाकी पाण्याने काठोकाठ भरून 8 किलो दाब दिला तर? पाणी जवळजवळ दाबलंच जात नाही, त्यामुळे पत्र्याचा ताण धरूनही फार तर शे-पन्नास ज्यूल. म्हणून टाकीची टेस्ट पाण्यावर करतात, हवेवर कधीच नाही. ‘जास्त हवा भरून बघू, टिकली तर चांगली’ असं कुणी म्हणालं तर त्याला आधी गेटाबाहेर काढा.

फॅब्रिकेशनवाली_सातारा
आमच्या शेडमध्ये कंप्रेसर रोज लागतो म्हणून लिहिते. रंधादादा, नेमप्लेट नसेल तर पुढचं काही करूच नका, पंप आणि मोटर ठेवा आणि टाकी सोडा. आपल्याकडे दुकानात वेल्ड करून हिरवा रंग मारलेल्या टाक्याही फिरतात, त्यांचा पत्रा कुणी कुठून आणला देव जाणे. प्लेट रंगाखाली दडलेली असते कधीकधी. पायाजवळ नाहीतर डिश एंडवर, म्हणजे टाकीच्या फुगीर टोकावर, खरवडून बघा.

जाडी मोजायला अल्ट्रासोनिक गेज असतं. जिथे जिथे कास्टिंगचा आणि फॅब्रिकेशनचा धंदा आहे तिथे एनडीटीवाले (धातू न तोडता तपासणारे) असतातच, कोल्हापुरात तर शिरोली, गोकुळ शिरगाव जवळच. दुसऱ्या कामाला ते येणार असतील तेव्हा गाठा, थोडक्यात काम होतं. प्रोब ठेवायच्या जागेचा रंग घासून काढा, रंगावरून मोजलं तर जाडी जास्त दिसते.

कोकणी_सुतार
गंज होतो तो बहुतेक वेळा ड्रेन न केल्यामुळे. आमच्याकडे पावसात रोज संध्याकाळी कॉक उघडला तर तांब्याभर पाणी निघतं. पाहुणे विचारतात, टाकीत पाणी भरता का म्हणून. आणि ड्रेन कॉक टाकीच्या अगदी पोटाखाली, जमिनीवर आडवं झाल्याशिवाय हात पोचत नाही. कंप्रेसर बनवणाऱ्याने स्वतः कधी पाणी काढलं नसणार! म्हणून कुणी काढत नाही. मी तिथे एल्बो लावून हातभर पाइप बाहेर घेतला आणि टोकाला बॉल व्हॉल्व्ह बसवला. आता पायाने उघडतो.

आकडेमोड
तांब्याभर अगदी बरोबर. 30 अंश तापमानाच्या एका घनमीटर हवेत जास्तीत जास्त 30 ग्रॅम वाफ राहू शकते. पावसाळ्यात कोकणात 25-26 ग्रॅम असतेच. 8 किलोला ती हवा नवव्या हिश्श्यात दाबली जाते, पण वाफ धरण्याची ताकद जागा किती आहे यावर ठरते, हवा किती कोंबली यावर नाही. जादा वाफेचं थंड झाल्यावर पाणी होतं. 2 एचपीचा पंप दिवसात चार तास खरोखर चालला तर लिटरभर पाणी सहज. कोल्हापूरचा पाऊसही काही कमी नाही.

लेस्टरकर
इथे इंग्लंडमध्ये कामाच्या जागी टाकी असेल तर 2000 सालचे प्रेशर सिस्टीम्सचे नियम लागतात. दाब गुणिले लिटर 250 च्या वर गेलं की जाणकार माणसाकडून लेखी योजनेप्रमाणे तपासणी करून घ्यावी लागते. तुमची टाकी 8 गुणिले 160, म्हणजे 1280. जुना कंप्रेसर विकताना लोक आधी तपासणीचा कागद मागतात. भारतात असं काही आहे का?

निवृत्त_फिटर
आहे हो. 1948 च्या कारखाना कायद्यात कलम 31 प्रेशर प्लांटसाठीच होतं. ठरावीक काळाने बाहेरून, आतून तपासणी, हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाची) आणि कॉम्पिटंट पर्सनचं सर्टिफिकेट. मोठ्या कारखान्यात ती फाइल मी स्वतः सांभाळली आहे. गॅरेज, पंक्चरचं दुकान, सुताराची शेड इथे मात्र कुणी फिरकत नाही. म्हणजे सगळ्यात जुन्या टाक्या जिथे आहेत नेमक्या तिथेच.

खटपट्या
रंधा, मोबाइलला लागणारा एंडोस्कोप कॅमेरा मिळतो, पाइप बघायचा. प्रेशर गेजच्या सॉकेटातून आत सोड आणि फोटो टाक. आणि काका, मान्य. आधी मोजणी, मग माझी खडी.

रंधा_कोल्हापूर
थोडा उशीर झाला, सॉरी. नेमप्लेट मिळाली, रंगाचे थर खरवडून. नाव आणि 10 किलो वर्किंग प्रेशर वाचता येतं, वर्षाचे आकडे झिजलेत. एंडोस्कोप आत घातला. वरचा अर्धा भाग तपकिरी पण सपाट. तळाला साधारण वीतभर रुंदीचा पट्टा, कडेला जणू रेघ मारलेली, आणि त्यात देवीच्या व्रणांसारखे खड्डे. ड्रेनच्या सॉकेटचं तोंड आत थोडं वर आलंय, म्हणजे कॉक पूर्ण उघडला तरी बोटाच्या पेरभर पाणी कायम तळालाच राहत असणार.

शेजारच्या फाउंड्रीत एनडीटीवाला आला होता, त्याच्याकडून मोजून घेतलं. बाजूला आणि वर 4.0 ते 4.1 मिमी. तळाच्या पट्ट्यात 2.7 ते 3.1. एका पायाच्या वेल्डजवळ 2.2. दोन ठिकाणी गेज आकडाच स्थिर दाखवेना. टाकीचा व्यास 400 मिमी.

2.2 म्हणजे अजून अर्ध्याहून जास्त पत्रा आहे. चालेल ना?

मामाचा_टायरवाला
पळवा बिनधास्त.

आकडेमोड
ताण = दाब गुणिले व्यास भागिले दोन वेळा जाडी. 10 किलो म्हणजे 0.98 मेगापास्कल. 2.2 मिमीला ताण येतो 89 मेगापास्कल. साधं माइल्ड स्टील 250 ला वाकतं आणि 410 च्या आसपास तुटतं. कागदावर पाहिलं तर बरीच सूट दिसते. काका, तुमचं काय मत?

निवृत्त_फिटर
सूट दिसते, आहे असं नाही. टाकीचं डिझाइन तुटण्याच्या आकड्याला चिकटून करत नाहीत. ढोबळ धरायचं तर 410 चा चौथा भाग, 102. एक्स-रे न काढलेल्या वेल्डला त्यातले 70 टक्केच धरतात, म्हणजे 72. या हिशोबाने 400 व्यासाला 10 किलोसाठी किमान 2.7 मिमी लागतो, आणि वर गंजासाठी थोडा जादा. म्हणून बनवणाऱ्याने 4 मिमी घातला. तुमच्या तळाचा गंजासाठी ठेवलेला भाग संपलाय आणि पायाजवळ त्याच्याही खाली गेलाय.

आणि 2.2 हा सगळ्यात पातळ जागेचा आकडा आहे असंही समजू नका. गेज जिथे आकडा दाखवेना तिथे आतला पृष्ठभाग इतका खडबडीत आहे की ध्वनी सरळ परतच येत नाही. खड्ड्याचा तळ कुठे आहे ते त्या दोन जागांवर कुणालाच माहीत नाही. त्यात पायाचा वेल्ड. कंप्रेसरची सगळी थरथर तिथेच येते, बाहेरून पाय आणि टाकीच्या फटीतही पाणी साचतं. दोन्हीकडून खाल्लेला कोपरा आहे तो.

टाकी बाद. साफ करण्यात रविवार घालवू नका.

रंधा_कोल्हापूर
प्रेशर स्विच 5 किलोला सेट केला तर? स्प्रे गनला तेवढं पुरतं. ताण निम्मा होईल.

निवृत्त_फिटर
गणितात निम्मा होईल. पण प्रेशर स्विचचे पॉइंट चिकटतात, तेव्हा पंप थांबत नाही. मग भिस्त सेफ्टी व्हॉल्व्हवर, आणि तो 10 किलोचा आहे, कदाचित जामही असेल. त्याची रिंग ओढून बघितली का? बहुतेक जुन्या कंप्रेसरवर ती कुणी कधी ओढलेली नसते. शिवाय गंज काही तुमचं सेटिंग वाचत नाही, पुढच्या पावसाळ्यात 2.2 चे 2.0 होणारच.

फॅब्रिकेशनवाली_सातारा
दादा, पंप आणि मोटर चांगली आहे म्हणालात ना? मग नुकसान वाटतं तेवढं नाही. नुसती टाकी मिळते, टेस्ट सर्टिफिकेटसकट. पंपाच्या आणि मोटरच्या बेसची भोकं मोजून न्या, वरची प्लेट त्याप्रमाणे बनवून मिळते. मात्र टाकी घरी आणल्यावर तिच्यावर स्वतः काहीही वेल्ड करू नका, साधी पट्टीसुद्धा नाही. लावायचं ते त्यांच्याकडूनच टेस्टच्या आधी लावून घ्या.

लेस्टरकर
हायड्रो टेस्ट घरी करता येते का? माझ्या भावाचं सांगलीत गॅरेज आहे, त्याच्याकडेही जुनीच टाकी आहे. त्याला सांगेन.

निवृत्त_फिटर
हातपंप असेल तर करता येते. आधी जाडी मोजायची, ती बरी असेल तरच टेस्ट. टाकी पंप-मोटरपासून सोडवायची. प्रेशर स्विच काढायचा, सेफ्टी व्हॉल्व्ह काढून तिथे प्लग. सगळ्यात उंच सॉकेट उघडं ठेवून नळाने पाणी भरायचं, बुडबुडे थांबून नुसतं पाणी वाहू लागेपर्यंत. हवेचा कप्पा राहिला तर पाण्याच्या टेस्टचा अर्थच गेला. मग ते सॉकेट बंद करून टेस्ट पंपाने हळूहळू वर्किंगच्या दीडपट, 10 ची टाकी असेल तर 15 किलो. अर्धा तास धरायचं. काटा खाली येतोय का, वेल्डला घाम फुटतोय का बघायचं. डिश एंडच्या समोर उभं राहायचं नाही. 160 लिटर पाणी म्हणजे 160 किलो वजन, तेव्हा टाकी तकलादू लाकडी घोडीवर ठेवू नका.

टेस्ट पास झाली म्हणजे आज टिकली एवढंच. जाडी कमी असेल तर पास झालेला कागद दाखवून मला पटवू नका.

खटपट्या
रंधा, स्प्रेसाठी घेतोयस तर पंप आणि टाकीच्या मध्ये तांब्याच्या नळीचं वेटोळं टाक, पंपाच्या पुलीच्या वाऱ्यात. हवा तिथेच थंड होते. वेटोळ्यानंतर सेपरेटर लावलास तर बरंच पाणी टाकीत जायच्या आधीच निघतं. गनजवळ वेगळा फिल्टर लागेलच, नाहीतर पॉलिशवर फिश आय (बारीक गोल खळगे) येणार. आणि लाइनला पीव्हीसी पाइप नको. पीव्हीसी हवेच्या दाबाने फुटला की त्याच्या काचेसारख्या धारदार चिंधड्या उडतात.

रंधा_कोल्हापूर
टाकी नवीन घेतली. 160 चीच, सर्टिफिकेट आणि प्लेटसकट. नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह आणि सेफ्टी व्हॉल्व्ह दोन्ही नवे. जुन्या सेफ्टी व्हॉल्व्हची रिंग ओढली तर हातातच आली. दोरी लावून पुल्या एका रेषेत घेतल्या. ड्रेनला कोकणी दादांच्या पद्धतीने पाइप आणि बॉल व्हॉल्व्ह लावलाय, आणि टाकी ड्रेनच्या बाजूला किंचित उतरती बसवली. काल पहिला वॉर्डरोब मारला, फिनिश झकास.

जुन्या टाकीला आमचे वडील म्हणतायत, अंघोळीचं पाणी तापवायला बंब करू.

निवृत्त_फिटर
बंद टाकीखाली जाळ? वडिलांना हात जोडून नाही म्हणा. भंगारात द्या, पण देण्याआधी शेलला (टाकीच्या गोल अंगाला) ड्रिलने चार-पाच मोठी भोकं पाडा, नाहीतर महिन्याभरात हिरवा रंग लावून ती दुसऱ्या कुणाच्या तरी शेडमध्ये पोचलेली असेल. गॅस कटरने कापायची असेल तर सगळे प्लग काढा आणि आतलं तेल आधी धुऊन काढा, तेलाची वाफ पेटते.

कोकणी_सुतार
अर्धी कापून म्हशीला पाणी प्यायला ठेवा. पत्रा तेवढा पुरेल.

म्हापशाचो_गॅरेजवालो
सगळा धागा वाचला. माझी टाकी उभी आहे, 220 लिटर. तिचा तळ कुठे मोजायचा? खाली गोल कडं आहे, आत हात जात नाही.

फॅब्रिकेशनवाली_सातारा
उभ्या टाकीत पाणी खालच्या डिशमध्ये साचतं. कड्याच्या आतून डिशचा मध्य आणि ड्रेनच्या भोवती मोजायचं. बाहेरून, जिथे डिश वळून शेलला मिळते ती वळणाची पट्टी आणि तिच्यावरचा हातभर शेल गोल फिरून मोजा. कड्याला खिडकी नसेल तर टाकी रिकामी करा, दाब शून्य आहे ना ते गेजवर विसंबून न राहता कॉक उघडून बघा आणि आडवी पाडूनच मोजा. तुमच्याकडे खारा वारा आहे, तेव्हा कड्याच्या वेल्डला बाहेरून गंज किती आहे तेही खरवडून पाहा.

म्हापशाचो_गॅरेजवालो
उद्या आडवी पाडतो. आकडे इथेच टाकतो.